अलॉयचा नुसता नंबर पुरत नाही
‘ॲल्युमिनियमचं आहे ना, मग मऊच असणार’ असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. ६०६१ नंबरचा ॲल्युमिनियम अलॉय, म्हणजे मिश्रधातूच घ्या, त्यात थोडं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, बस, पण हाच ६०६१ मऊ अवस्थेत साधारण ५५ मेगापास्कल ताणालाच कायमचा वाकतो आणि टी६ नावाची हीट ट्रीटमेंट (तापवून, थंड करून कडक करणं) केली की २७५ च्या आसपास टिकतो, म्हणजे जवळपास पाचपट! म्हणून नंबरासोबत टेम्पर, म्हणजे मऊ की कडक केलेली अवस्था, पण विचारायचाच.

माझी एक फ्रेम यातच गेली. टी६ चा पाइप वेल्ड केला, टाका दिसायला मस्त, पण लोड आला आणि टाक्याला लागूनच, बोटभर अंतरावर पाइप वाकला. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथली हीट ट्रीटमेंटच उतरली होती आणि मी ते हिशोबात धरलंच नव्हतं, फार वाईट वाटलं.

७०७५ मध्ये जस्त असतं, टी६ ला ताकद ५०० पर्यंत जाते, पण नेहमीच्या वेल्डिंगला तडकतो. बोटींना ५०८३, खिडक्यांना बहुतेक ६०६३. विमानातला २०२४ तांब्यामुळे दणकट पण गंजायला हळवा, म्हणून त्याच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात, मला ही आयडिया भारी आवडते.

आणि हो, ताठपणा सगळ्यांचा जवळपास सारखाच, ७० गिगापास्कलच्या आसपास, त्यामुळे पार्ट लवत असेल तर महागडा अलॉय घेऊन काही होणार नाही, जाडी वाढवा.