तीन महिन्यांची साखर आणि हिरडीतलं रक्त

गोळी वेळेवर घेतली, भात कमी केला, संध्याकाळी समुद्राकडे फेरी सुरू केली, तरी रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) खाली येत नाही. अशा माणसाला ‘एकदा हिरड्या दाखवून या’ असं फारसं कुणी सांगत नाही. सांगायला हवं. हिरड्यांची मुरलेली सूज साखर वाढवते आणि वाढलेली साखर हिरड्या आणखी बिघडवते.

दात घासल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा चिकट थर पुन्हा बसू लागतो. ब्रशने तो निघतो. राहिला तर लाळेतल्या कॅल्शियममुळे दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो, तेच कीट. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या अंगाला ते आधी चढतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. मग कितीही जोरात घासा, ते हलत नाही. हिरडी सुजते, दातापासून सुटते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट 1 ते 3 मिलिमीटर असते. 4 किंवा जास्त झाली की ब्रशचे केस तळापर्यंत पोचत नाहीत आणि खालचं हाड झिजू लागतं. नुसती सूज पूर्ण बरी होते. झिजलेलं हाड सहसा भरून येत नाही.

आजार पसरलेला असेल तर सगळ्या दातांभोवतीची ही आतली जखम मिळून 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरू शकते. एवढी जखम हातावर असती तर कुणी वर्षानुवर्षं उघडी ठेवली नसती. तिथून जंतू आणि सुजेतली रसायनं रक्तात जात राहतात, आणि या रसायनांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. हिरड्यांच्या आत खोलवर साफसफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी सुमारे 0.4 टक्क्यांनी उतरते. गोळी सुटण्याइतका हा फरक नाही, पण हातचा सोडण्यासारखाही नाही.

हृदयाबद्दल जपून बोलायला हवं. हिरड्यांचा आजार असलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो. एकामुळेच दुसरा होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. मात्र कृत्रिम झडप बसवलेल्यांसाठी तोंडातले जंतू थेट धोक्याचे असतात, ते झडपेवर घर करू शकतात. दात काढण्याआधी किंवा स्केलिंगआधी, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडून कीट काढून घेण्याआधी, झडपेबद्दल सांगा. अँटिबायोटिकचा डोस आधी घ्यावा लागतो. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. साखरेच्या रुग्णाने उपाशीपोटी न जाता न्याहारी करून, नेहमीची औषधं घेऊन सकाळची वेळ घ्यावी.

आता मशेरी. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कितीतरी घरांत बायका तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात आणि सकाळी बोटाने दातांना लावतात. यात दात साफ होत नाहीत. हिरडीतून निकोटीन रक्तात जातं, तेवढंच होतं. जिथे रोज बोट फिरतं तिथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं, गार पाण्याने ठणकतं, आणि ठणका थांबावा म्हणून पुन्हा मशेरीच लावली जाते. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे खोटं नाही, निकोटीनने आतडी हलतात. पण त्यासाठी सकाळी दोन पेले कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी आहे. गरोदरपणात मशेरी लावणाऱ्या बाईचं बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो, म्हणून घरातल्या मोठ्यांनी तिच्यापुढे डबी ठेवू नये. सोडताना पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात, दोन ते चार आठवड्यांत तलफ बरीच उतरते. 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर मदत मिळते. गालात किंवा हिरडीवर पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर तपासून घ्याच. विडी ओढणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून हाड झिजत असतानाही रक्त दिसत नाही.

ब्रश मऊ घ्या. राखुंडी आणि कोळशाची पूड बाजूला ठेवा, त्यांनी दातांच्या मानेवर खाचा पडतात. ब्रशचे केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरके टेकवा, जागच्या जागी हलके हलवा, दोन-तीन दातांनी पुढे सरका. आतली बाजू धरून दोन मिनिटं. पेस्ट 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइडची, मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरते, तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी. रात्रीचं घासणं चुकवू नका, झोपेत लाळ कमी होते. हिरडीतून रक्त येतं म्हणून ती जागा सोडू नका. नीट घासत राहिलात तर रक्त साधारण आठ-दहा दिवसांत कमी होतं. नाही झालं, तर आत कीट आहे.

घासून झाल्यावर फेस नुसता थुंका, खळखळून चूळ भरू नका. फ्लोराइड दातावर राहतं. होडीवर गोडं पाणी मोजून वापरणाऱ्या खलाशांनाही हे सोयीचं आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा स्केलिंग उरकून घ्यावं. कोकम सरबत किंवा कैरी खाल्ल्यावर मात्र लगेच घासू नका. आंबटाने दाताचं कवच मऊ झालेलं असतं. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा तास थांबा.

आजीआजोबांची कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा. तोंडात ठेवून झोपलं की तिच्यावरचे जंतू श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतात आणि न्यूमोनिया होऊ शकतो.

खालची दाढ दुखत असताना हनुवटीखाली घट्ट सूज आली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, तर लवंग तेलात वेळ घालवू नका. ही सूज काही तासांत श्वास अडवू शकते. रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबाग, जे जिल्हा रुग्णालय जवळ असेल तिथे रात्रीच निघा, किंवा 108 ला फोन करा.