होम लॅब नोंद: आठ कोअर दिले, चालत होता एकच

सापडलं! घरच्या प्रयोगाच्या सर्व्हरवर डेटाबेसचा भार वाढवला तरी काम वेग घेत नव्हतं; तीन आठवडे छळणारं हे दुखणं परवा रात्री सापडलं, आणि ते डिस्कमध्ये नव्हतंच. एसएसडी बदलायचा माझा मागच्या नोंदीतला सल्ला कोणी मनावर घेतला असेल तर थांबा, खर्च करू नका.

मांडणी मागच्या नोंदीतलीच: एसक्यूएल सर्व्हर २०२२ एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची फुकट आवृत्ती), केव्हीएमवरचा व्हीएम (लिनक्स होस्टवर चालणारं आभासी मशीन), आठ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), १६ जीबी रॅम, लोडसाठी हॅमरडीबी (आभासी वापरकर्ते बनवून डेटाबेसवर भार टाकणारं साधन). एका व्हर्च्युअल युझरवरून आठवर गेलो तरी थ्रूपुट (ठरावीक वेळात होणारं काम) जागचा हलत नव्हता. टेम्पडीबीच्या (तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसच्या) फाइली वाढवून पाहिल्या, लॉग वेगळ्या डिस्कवर नेला, इंडेक्स पुन्हा बांधले. काही फरक नाही. वेट स्टॅट्समध्ये (कामं कशासाठी थांबली याच्या नोंदीत) एसओएस शेड्युलर यील्ड, म्हणजे सीपीयूवरची पाळी सोडून पुन्हा रांगेत थांबण्याचा वेट, सगळ्यात वर होता आणि आयओचे (डिस्कवरच्या वाचन-लेखनाचे) वेट किरकोळ होते. म्हणजे सीपीयूसाठी रांग लागली होती, तरी होस्टवर एक कोअर सोडून बाकीचे निवांत दिसत होते. हे कोडं मला सुटेना.

शेवटी शेड्युलरचा (सीपीयूवर कामं लावणाऱ्या भागाचा) डीएमव्ही, म्हणजे सर्व्हरची आतली स्थिती दाखवणारा तक्ता, उघडला. एकच ओळ 'व्हिजिबल ऑनलाइन', बाकी सात 'व्हिजिबल ऑफलाइन'. मग एरर लॉगची सुरुवात वाचली. तिथे सरळ लिहिलं होतं: आठ सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा), प्रत्येकी एक कोअर, आणि परवान्यानुसार एकच लॉजिकल प्रोसेसर वापरात. एक्सप्रेसची मर्यादा एक सॉकेट किंवा चार कोअर, यांतलं जे कमी असेल ते. 'चार कोअर' एवढंच मी लक्षात ठेवलं होतं. व्हीएम बनवताना टोपॉलॉजी (किती सॉकेट, प्रत्येकात किती कोअर ही मांडणी) दिली नव्हती, त्यामुळे प्रत्येक व्हीसीपीयू स्वतंत्र सॉकेट म्हणून दिसत होता.

व्हीएमच्या एक्सएमएल सेटिंग फाइलमध्ये सॉकेट १, कोअर ४, थ्रेड १ असं लिहिलं, व्हीसीपीयूही चारवर आणले आणि व्हीएम बंद करून पुन्हा चालू केला. चार शेड्युलर ऑनलाइन! युझर वाढवले तसा थ्रूपुटही वर सरकू लागला. तो आलेख मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

आलेखातले आकडे मात्र देत नाही. बेंचमार्कचे (वेगाच्या चाचणीचे) निकाल लेखी परवानगीशिवाय इतरांना सांगू नयेत अशी एसक्यूएल सर्व्हरच्या परवान्यात अट आहे. अशा अटीला डिविट क्लॉज म्हणतात; १९८३ च्या विस्कॉन्सिन बेंचमार्कमागच्या डेव्हिड डिविट यांच्यावरून हे नाव पडलं. मला ही अट अजिबात पटत नाही. ज्याने मोजलं त्याला मोकळेपणी सांगता आलं पाहिजे.

महिन्याच्या बेरजांची मोठी क्वेरी मात्र तेवढाच वेळ घेते. तिच्या प्लॅनमध्ये (क्वेरी कशी चालवायची याच्या आराखड्यात) नॉन-पॅरलल कारण पाहिलं, तर एक्सप्रेसमध्ये पॅरलल प्लॅन (एकच क्वेरी अनेक कोअरवर वाटणारे) बनतच नाहीत. चार कोअरचा फायदा एकाच वेळी चाललेल्या चार कामांना होतो, एका जड कामाला नाही.

स्टँडर्ड ही विकतची आवृत्ती वापरणाऱ्यांनीही हे तपासा. २०२२ मध्ये तिथली हद्द चार सॉकेट किंवा २४ कोअर, जे कमी ते. आठ व्हीसीपीयू आठ सॉकेट म्हणून दिसले तर चारच चालतील, आणि कोअरप्रमाणे परवाना घेतला असेल तर पैसे मात्र आठांचे भरलेले असतील.

पुढे रॅम ३२ जीबी करायचा विचार होता, तो सोडला. एक्सप्रेसचा बफर पूल (डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा) १४१० एमबीच्या वर जात नाही, मग उरलेली रॅम तिथे पडून का ठेवायची? व्हीएमला चार जीबी पुरतील. उरलेल्या बारा जीबीत पोस्टग्रेएसक्यूएल हा मुक्त डेटाबेस बसवतो: कोअरची हद्द नाही, आकडे सांगायला बंदी नाही, पॅरलल क्वेरी ९.६ पासून आहे. शेअर्ड बफर्स (त्याची तशीच रॅममधली जागा) मूळ १२८ एमबीवरून आधी वाढवीन.

हे लिहिताना आणखी एक सुचलं. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती फुकट आहे, प्रॉडक्शनला चालत नाही, पण चाचणीला चालते आणि तिच्यात पॅरलल प्लॅन बनतात. मग बेरजांची क्वेरी आधी तिच्यावरच चालवतो, मॅक्सडॉप (एका क्वेरीने जास्तीत जास्त किती कोअर वापरायचे ती सेटिंग) एक आणि चार ठेवून. पोस्टग्रेचा व्हीएम त्यानंतर.