जॉर्जियाचे १४० मैल आणि नऊ ते पाचची नोकरी

‘आयसीडब्ल्यू (इंट्राकोस्टल वॉटरवे) म्हणजे पाण्यावरचा हायवे. इंजिन चालू ठेवा आणि जात राहा.’ हे आम्हाला ज्यांनी ज्यांनी सांगितलं ते सगळे निवृत्त होते. त्यांना सकाळी नऊला ऑफिसची स्टँडअप मीटिंग नसते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत, नॉरफोकपासून मायामीपर्यंत साधारण १,०९० मैलांचा हा आतला जलमार्ग. आम्ही दोघं न्यू जर्सीवाले, ३६ फुटी शिडाची बोट हेच घर, ड्राफ्ट (पाण्याखाली बुडणारा भाग) साडेपाच फूट, दोघांच्याही नोकऱ्या ईस्टर्न टाइमवर. चक्रीवादळांचा मोसम ओसरायला लागेपर्यंत विमा कंपनी दक्षिणेला जाऊ देत नाही, म्हणून चेसापीकच्या उपसागरातून ऑक्टोबरात निघालो. व्हर्जिनिया आणि दोन्ही कॅरोलिना सुंदर आहेत. अ‍ॅलिगेटर रिव्हरच्या आसपास मोबाइलला रेंज मिळत नाही, तिथे स्टारलिंकचं सॅटेलाइट इंटरनेट हवंच. बाकी जा, बघा, मजा करा. लिहायचंय ते जॉर्जियाबद्दल.

कागदावर फ्लोरिडातल्या फोर्ट पियर्सपर्यंत १२ फूट खोली आहे. जॉर्जियात तो कागद गुंडाळून ठेवा. इथे भरती-ओहोटीचा फरक सात ते नऊ फूट, आणि गाळ इतका की कालची खोली आज मिळेल याची खात्री नाही. हेल गेट, लिटल मड रिव्हर आणि जेकिल क्रीक ही तीन ठिकाणं ओहोटीला आमच्यासारख्या बोटीची नाहीतच. अर्धी भरती झाल्यावर, पाणी चढत असताना जायचं, म्हणजे कील (बोटीचा तळाचा कणा) टेकलीच तरी थोड्या वेळात बोट आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात अडकलात तर पुढची भरती येईपर्यंत तिरक्या बोटीत बसा. उधाणाच्या दिवशी, भरतीच्या अगदी टोकाला अडकलात तर देवच वाली, पुढची भरती तेवढी चढेलच असं नाही.

आता यात नोकरी बसवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि साडेपाचला अंधार पडतो. म्हणजे लॅपटॉप मिटल्यावर निघू, हा बेत संपलाच. हेल गेटला आमच्या वाट्याला आलेली वेळ होती गुरुवार, सकाळी साडेनऊ. नवरा सुट्टी टाकून सुकाणूवर, मी खाली टेबलाशी क्लायंटला डेमो देतेय, आणि वरून तो पाण्याची खोली फुटांत ओरडतोय: ‘साडेसहा… सहा… पाच पॉइंट आठ!’ मी म्यूट करेपर्यंत पलीकडच्यांना वाटलं, आमच्याकडे कसला तरी लिलाव चाललाय. हेल गेटमध्ये मधोमध राहाल तर अडकाल. खोल पाणी कुठल्या बाजूला सरकलंय ते आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या (अमेरिकी लष्कराचा अभियंता विभाग) ताज्या सर्व्हेत दिसतं. अ‍ॅक्वा मॅप या नकाशाच्या अ‍ॅपवर तो थर चालू करता येतो, त्याचे पैसे भरा आणि त्याच्यावरच विश्वास ठेवा. वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांवर नको, मरिनातल्या (बोटी लावायच्या धक्क्यावरच्या) काकांवर तर मुळीच नको.

शनिवार-रविवारीच जाऊ म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. आठवड्यात तो फरक सहा तासांच्या आसपास जातो. म्हणजे या शनिवारी सकाळी आठला भरती असेल, तर पुढच्या शनिवारी आठला ओहोटी. एक वीकएंड हुकला की पुढचा आपोआप मिळत नाही. शिवाय हेल गेटपासून लिटल मड ५० मैलांहून जास्त लांब, त्यामुळे एका भरतीत दोन्ही होत नाहीत. दोन-तीन दिवसांची रजा टाका, नाहीतर इथे येऊ नका.

माझं स्पष्ट मत: साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनहून सरळ समुद्रात जा आणि जॉर्जिया-फ्लोरिडाच्या सीमेवरच्या सेंट मेरीजला आत या. साधारण १५० नॉटिकल मैल, एक दिवस आणि एक रात्र. दोन्ही ठिकाणची मुखं मोठ्या जहाजांची आहेत, खोली भरपूर. थंड वाऱ्याची लाट येऊन गेली की वारा जमिनीवरून येतो, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी निघा. परतीला आम्ही असंच करणार, मग तीन वेळा उलटी झाली तरी चालेल.

आतूनच जाणार असाल तर टोइंगची वार्षिक मेंबरशिप आधी घ्या. ती नसेल तर एकदा ओढून काढायचं बिल हजार डॉलरच्या घरात सहज जातं.

आणि मरिना! कागदपत्रांवर बोट ३६ फूट. एका ठिकाणी पुढचा नांगर आणि मागे टांगलेली डिंगी (छोटी होडी) धरून टेप लावली आणि ४१ फुटांचे पैसे घेतले. वीज वेगळी, वीकएंडचा दर वेगळा, वायफाय ‘फ्री’ पण ऑफिसच्या पायरीपर्यंतच. फोनवरच विचारा: लांबी कुठून कुठपर्यंत मोजता, वीज धरून किती, किमान किती फुटांचं बिल? उत्तर गोलमोल आलं तर नांगर टाका. जॉर्जियात नांगरायला जागाच जागा आहे.

फक्त चिलटं सांभाळा. वारा पडला की साध्या डासांच्या जाळीतून ती आरामात आत येतात. बारीक विणीची जाळी चार्ल्सटनच्या आधीच घेऊन हॅचच्या (छतावरच्या झडपेच्या) मापाने शिवून ठेवा.