ओढ्याकाठचा चापडा, आंबोली

आज रात्री आंबोलीत ओढ्याकाठी मलबारी चापडा हा विषारी साप दिसला. कमरेएवढ्या उंचीच्या फांदीवर, बेडकाची वाट बघत. हा साप तासन्‌तास हलत नाही, म्हणून पाय टाकण्याआधी आणि फांदीला हात लावण्याआधी टॉर्च फिरवायचा. बहुतेकांची नजर फक्त जमिनीवर असते आणि डोक्याच्या पातळीवरचा साप सुटतो. चूक इथेच होते. रंगावर जाऊ नका. हिरवा, तपकिरी, पिवळसर, सगळे एकाच जातीचे. त्रिकोणी डोकं आणि डोळा-नाकपुडीमधला खळगा बघा, तोही दुर्बिणीतून.

अंतर किमान २ मीटर, पायात गमबूट. उजेड मंद, बाजूने, मिनिटभरच. फोटोसाठी काडीने सरकवलं की त्याची त्या रात्रीची शिकार गेली, याचं फार वाईट वाटतं.

पाण्यातली पाणदिवड बिनविषारी, पण डिवचली तर कडकडून चावते.

आणि हे नीट लक्षात ठेवा: आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, चापड्यासाठी नाही. दंश झालाच तर आवळून बांधू नका, कापू नका. अंगठी-घड्याळ काढा, हातपाय स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.