हँक ॲरन यांच्या सहीच्या बॉलची किंमत काढताना

बेसबॉलपटू हँक ॲरन २२ जानेवारी २०२१ ला गेले आणि थोड्याच दिवसांत अटलांटातल्या माझ्या काकांना फोन यायला लागले. ‘तुमच्याकडे त्यांच्या सहीचा बॉल आहे ना, विकताय का?’ काका सत्तरच्या दशकात इथे शिकायला आले. त्यांच्यासारख्या क्रिकेटवेड्या माणसाला बेसबॉलची गोडी लावली ती ॲरन यांनीच. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटाच्या ब्रेव्ह्‌ज संघाकडून ७१५वा होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून त्यांनी बेब रूथ यांचा कारकिर्दीतल्या सर्वाधिक होम रनचा विक्रम मोडला, त्या रात्री स्टेडियममधल्या ५३,७७५ प्रेक्षकांत काकाही होते. एका कृष्णवर्णीय खेळाडूने रूथच्या पुढे जाऊ नये म्हणून ॲरनना जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. हे सांगताना काकांचा आवाज अजूनही जड होतो.

विकायचं त्यांच्या मनात नव्हतंच. ‘पण माझ्या माघारी पोरांनी कवडीमोलाने देऊन टाकू नये. काय आहे ते नीट लिहून ठेव,’ म्हणाले.

किंमत काढायची तर आधी वस्तूची ओळख पटायला हवी. बॉलवर नॅशनल लीगचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी एकीचे) अध्यक्ष चार्ल्स फीनी यांचं नाव छापलेलं होतं, म्हणजे बॉल १९७० ते १९८६ मधला. काका ठामपणे म्हणत होते, सही १९७४चीच. पण भिंगाखाली शिवणीजवळ पुसट ‘रॉलिंग्ज’ दिसलं. रॉलिंग्ज कंपनीचे बॉल लीगमध्ये आले १९७७ पासून, त्याआधी स्पाल्डिंग कंपनीचे असत. काका गप्प झाले. मग आतून काकू म्हणाल्या, ‘अहो, तेव्हा ते खेळत कुठे होते? ब्रेव्ह्‌जच्या ऑफिसात होते. सुटातच सही केली की त्यांनी!’ ॲरन १९७६ ला निवृत्त होऊन ब्रेव्ह्‌जच्याच कामाला लागले होते, त्यामुळे सगळं जुळलं. ही हकिगत मी काकांकडून लिहून घेतली आणि खाली दोघांच्याही सह्या घेतल्या.

पुढची पायरी सहीच्या खरेपणाची. बेसबॉलमध्ये बनावट सह्यांचा धंदा इतका माजला होता की नव्वदच्या दशकात एफबीआयने त्यावर मोठी मोहीम चालवली. मेजर लीगची (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलची) स्वतःची ऑथेंटिकेशन, म्हणजे खरेपणा प्रमाणित करण्याची, पद्धत २००१ ला सुरू झाली; त्याआधीच्या सहीला तज्ज्ञाचं मत हाच आधार. हे तज्ज्ञ अक्षरांचा ओघ, पेनाचा दाब, कुठे थांबून पुन्हा सुरुवात केली आहे का, हे पाहतात. बॉल पुसायचा नाही, सही गिरवायची नाही, कसलंही पॉलिश लावायचं नाही. आम्ही सगळ्या बाजूंनी फोटो काढले, विमा उतरवून रजिस्टर्ड पोस्टाने बॉल पाठवला आणि तो प्रमाणपत्रासह परत येईपर्यंत घरात कुणाला चैन नव्हती.

भावाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: खेळाडू गेल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांतले आकडे धरूच नयेत. लोक मागतात ती किंमत वेगळी आणि प्रत्यक्ष विक्री होते ती वेगळी. मी फक्त झालेल्या विक्री पाहिल्या, त्याही तशाच बॉलच्या: सही एकट्या ॲरन यांची, स्वीट स्पॉटवर, म्हणजे शिवणी जिथे सर्वांत जवळ येतात त्या पट्ट्यावर, आणि बॉलपेनची. ॲरन यांनी आयुष्यभर भरपूर सह्या दिल्या. त्यामुळे सही नुसती खरी असून भागत नाही, शाई किती गडद आणि बॉल किती पांढरा यावर बरंच ठरतं. शेवटी फाइलमध्ये दोन आकडे लिहिले. एक बाजारभाव आणि दुसरा विम्यासाठी, तशीच वस्तू पुन्हा घ्यायची तर काय पडेल तो. हा दुसरा जास्त असतो. घराच्या साध्या विम्यात अशा वस्तूंना मर्यादा असते म्हणून वेगळी नोंद करून घेतली.

काकांकडे टॉप्स कंपनीने छापलेलं ॲरन यांचं १९५७चं खेळाडू-कार्डही होतं. त्यावर फोटो उलटा छापला गेल्याने उजव्या हाताने खेळणारे ॲरन डावखुरे दिसतात. काकांना वाटे, चुकीचं छापलंय म्हणजे दुर्मीळ. पण ती चूक कंपनीने कधी दुरुस्तच केली नाही, सगळी कार्डं तशीच आहेत. शिवाय कोपरे झिजलेले, मधून घडी. ग्रेडिंगची, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवून घेण्याची, फी भरण्यात अर्थ नव्हता, नुसतं जाड प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये ठेवलं.

फाइलवर ‘हे भाव २०२१चे’ असं ठळक लिहिलंय. वारशाने आलेली वस्तू विकली तर अमेरिकेत नफा साधारणपणे मालकाच्या मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावापासून मोजतात. तेव्हा बॉल ज्याच्या हाती जाईल त्याने त्या वेळचा भाव नव्याने काढायचा आहे.