भांड्यावरचं नाव

परवा इथे बडोद्यात, दांडिया बाजारात आत्याकडे गेले होते. माळ्यावरची पितळी भांडी खाली काढून ओसरीत मांडलेली, शेजारी पातेल्यात चिंच भिजत घातलेली. मला बघताच म्हणाली, "बरी आलीस. तू म्युझियमवाली ना, मग सांग बघू यातलं किती जुनं आहे?"

मी म्हटलं, "किती जुनं ते नंतर बघू गं. आधी हे कुणाकडून आलं ते सांग."

आमच्या कामातला पहिला प्रश्न हाच असतो. मी इथेच, महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकले. हा विभाग १९५२ सालचा. काचेची कपाटं, दिवे, पाट्या हे सगळं पुढे शिकवलं, पण सुरुवात झाली ती दाखल नोंदवहीपासून, म्हणजे ॲक्सेशन रजिस्टरपासून. वस्तू दारातून आत आली म्हणून ती संग्रहालयाची होत नाही. दान, खरेदी की चार महिन्यांसाठी मागून आणलेली, हे कागदावर ठरतं, सही होते आणि मग तिला क्रमांक मिळतो. समजा २०१९.३.१२. म्हणजे २०१९ सालात आलेल्या तिसऱ्या खेपेतली बारावी वस्तू. धातूच्या वस्तूवर हा क्रमांक घालताना आधी पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचा पारदर्शक थर द्यायचा, वाळला की त्यावर बारीक निबानं आकडे लिहायचे आणि वरून आणखी एक थर. ॲसिटोननं तो पुसता येतो. केलेलं काम पुढच्या माणसाला वस्तूला धक्का न लावता काढता आलं पाहिजे, हा आमच्याकडचा नियम आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका लहानशा संग्रहात मी क्रमांकाच्या चिठ्ठ्या नुसत्या दोऱ्यानं बांधल्या होत्या. साफसफाईत दोन समयांच्या चिठ्ठ्या सुटल्या. समया सारख्याच, एक देवळातली, एक घरातली. कुठली कुठली ते आजतागायत सांगता आलेलं नाही. दोन्ही धडधाकट आहेत, पण हातोहात कुठून कशा आल्या तो माग, ज्याला प्रोव्हेनन्स म्हणतात, तो गेला. माझ्या हातून गेला, ही बोचणी अजून आहे.

कमाटीबागेतल्या आपल्या संग्रहालयात अकोट्याची जैन धातुशिल्पं आहेत. ती १९५१ मध्ये शहराला लागूनच सापडली. त्यातल्या जीवंतस्वामींच्या, म्हणजे दीक्षेआधीच्या महावीरांच्या, एका मूर्तीच्या पीठावर कोरलंय, की हे चंद्रकुल या जैन परंपरेतल्या नागीश्वरी नावाच्या श्राविकेचं, म्हणजे जैन उपासिकेचं, दान. मूर्ती सहाव्या शतकातली. राजे कोण होते ते इतिहासात शोधावं लागतं, पण त्या बाईचं नाव तिथंच धातूत उभं आहे. मी दर वेळी तिथं थांबते.

आत्याच्या पसाऱ्यात एक पानाचा डबा होता. झाकणावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं, आपल्याकडे लग्नात भांड्यांवर घालायचे तसं. पण वर्षानुवर्षं चिंचेनं घासून सुरुवातीची अक्षरं गेलेली. "...बाई हिजकडून सप्रेम" एवढंच दिसत होतं. आत्या म्हणाली, "कासाराकडून पुन्हा कोरून घेते."

मी तिचा हातच धरला. पुन्हा कोरलं की उरलेली टिंबंही मोडणार. आहे ते जपणं हे जतन, नव्यासारखं करणं ही डागडुजी, आणि डागडुजी शेवटी, तीही खात्री असेल तरच. आधी स्थिती-अहवाल: डब्याला कुठं पोचा, कुठली बिजागरी सैल, तारीख, फोटो. डबा एका वहीवर ठेवला, खिडकी लावून घेतली आणि मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, झाकणाला टेकवून धरला. तिरप्या उजेडात झिजलेल्या खळग्यांनाही सावली पडते. आधी "शके १८६२ वैशाख" लागलं, म्हणजे १९४०. मग अक्षरं एकेक करून वर आली.

चिंचेचं पातेलं मी मोरीत ओतलं. पैठणी ठेवलेलं काचेचं कपाटही खिडकीसमोरून हलवायला सांगितलं. कापडाला ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासचाच मंद उजेड मानवतो, आणि विटलेला रंग काही केल्या परत येत नाही. आता या वस्तूंची नोंदवही करू आणि ती वही वरच्या मजल्यावर ठेव, म्हटलं. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते तिला सांगायची गरज नव्हती.

पाठकोऱ्या वहीत रकाने आखले. पहिली नोंद पानाच्या डब्याची. "कुणाकडून" या रकान्यापाशी आत्या अडली. डबा सासूबाईंचा, पण नाव त्यांचं नव्हतं, आणि ते तिनं घरात कधी ऐकलेलंही नव्हतं. तिनं साताऱ्याच्या नणंदेला फोन लावला. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग नणंद म्हणाली, "अगं, ती आईची मावशी. आईला लहानाचं मोठं तिनंच केलं."

आत्यानं पेन माझ्याकडून घेतलं आणि पूर्ण नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं.