न वाजवणाऱ्यांकडे बघत

जर्मन संगीतकार बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’, म्हणजे येशूच्या अटकेची आणि मरणाची गाऊन सांगितलेली कथा, प्रत्यक्ष ऐकायला जाणाऱ्याने खांबामागचं स्वस्त तिकीट घेऊ नये. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत जर्मनीत शहरोशहरीच्या चर्चमध्ये पॅशन होतात आणि जिथून काहीच दिसत नाही अशा जागा बऱ्याच कमी दरात मिळतात. ऐकायचंच तर आहे, बघायचंय काय, हा हिशेब इथे हमखास चुकतो. या पावणेतीन तासांत निम्मी गंमत गप्प बसलेल्यांची आहे, आणि गप्प बसलेला माणूस खांबाआडून कळायचा कसा?

रचना 1727 ची, लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये गुड फ्रायडेला सादर झालेली. गायकवृंद दोन, वाद्यवृंदही दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. सुरुवातीलाच एक वृंद ‘त्याला पाहा’ म्हणतो आणि दुसरा ‘कुणाला?’ विचारतो. अगदी कडेला बसलात तर नुसते प्रश्नच पदरात पडतील, म्हणून जागा मधल्या वाटेलगतची घ्यावी. फार मागचीही नको. दगडी भिंतींत आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांच्या अंगावर चढतात. बाकं लाकडी, फरशी गार. शाल आणि बसायला छोटी उशी नेलेली बरी.

पहिल्याच समूहगानात मुलांचा वेगळा गट एक जुनं स्तोत्र ओळीओळीने वरून सोडतो. त्यानंतर या पोरांना बहुतेक वेळा पहिल्या भागाच्या शेवटीच, म्हणजे तासाभराहून जास्त वेळाने, उठायचं असतं. तोवर जांभई दाबून बसणं हेच त्यांचं गाणं. दुसऱ्या भागात त्यांना काम नसतं.

ट्रम्पेट आणि नगारे तर मुळातच नाहीत. दिवस शोकाचा. येशूला पकडून नेतात तेव्हा विजा-गडगडाटाचं दणदणीत समूहगान येतं, तेही नगाऱ्यावाचून, नुसत्या भरधाव खर्जावर. त्याआधी भोजनाच्या प्रसंगी शिष्य घाबरून विचारतात, ‘प्रभू, तो मी का?’ हा प्रश्न 11 वेळा येतो. त्या गर्दीत मोजणं कठीण आहे, पण बारावा, म्हणजे दगा देणारा यहूदा, इथे बोलत नाही.

येशूचे शब्द आले की पहिल्या वृंदातल्या व्हायोलिन आणि व्हिओला लांब, संथ सुरांनी त्यांना वेढतात. कथा सांगणाऱ्या टेनरला (उंच पट्टीच्या पुरुष गायकाला) हा मान नाही, त्याच्यामागे फक्त ऑर्गन आणि चेलो. दोन तास कान या वलयाला सरावतो. मग ‘एली, एली, लमा असबथानी?’ (माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?) या येशूच्या शेवटच्या हाकेला वादक गज खाली ठेवून बसून राहतात. कार्यक्रमपत्रिकेत डोकं खुपसलेल्यांचा हा क्षण जातो, आणि ते बरेच असतात. शब्दांचं पान संपलं की शेकडो कागद एकदम सळसळतात तो आवाज काही बाखने लिहिलेला नाही. कथा घरून वाचून जावी.

जुन्या धाटणीच्या वाद्यांचा संच असेल तर आणखी मजा. सूर आजच्यापेक्षा साधारण अर्धा स्वर खाली, वाद्यं मिळवायचा ‘ए’ हा स्वर 440 ऐवजी 415 हर्ट्झला. तारांच्या जागी आतड्याची तात असते. माणसांच्या गर्दीने हवा दमट झाली की ती लगेच सूर सोडते, म्हणून मध्येमध्ये थांबून मिळवून घ्यावं लागतं. ओबो-द-काचा हे जुनं फुंकवाद्य वाजवणाऱ्या दोघांवर नजर ठेवा. चामड्याने मढवलेली वाकडी नळी, टोकाला पितळी कर्णा. हे वाद्य गार पडलं की सूर उतरतो आणि फुंकायची वेताची पत्ती सुकली की आवाजच फुटत नाही. त्यामुळे आपली पाळी येण्याआधीच्या गाण्यात ते पत्ती तोंडात धरून भिजवतात आणि नळीत बिनआवाजी ऊब फुंकतात. ते दिसलं की समजावं, नवा रंग येतोय.

तो येतो ‘प्रेमापोटी माझा तारणारा मरू पाहतो’ या सोप्रानोच्या, म्हणजे उंच आवाजाच्या गायिकेच्या, गाण्यात. सोबत एक बासरी आणि हे दोन ओबो, बस्स. तंतुवाद्यं, ऑर्गन, खर्ज, सगळे थांबलेले. मराठी कानाला हे तानपुरा मध्येच बंद केल्यासारखं वाटतं, आणि हेतूही तसाच असावा: पायाखालची जमीन काढून घेतलेली. आधाराला खर्ज नसल्याने गायिका आणि वादक मिळून जरा चढले किंवा उतरले तर त्यांचं त्यांना कळत नाही. ऑर्गन परतला की चोरी उघडी पडते. आधी एकदा येऊन गेलेलं ‘क्रुसावर चढवा’ हे जमावाचं गाणं इथे पुन्हा कोसळतं, या खेपेला एक पूर्ण स्वर वर.

सगळ्यात बिकट नोकरी मात्र व्हिओला-द-गांबावाल्याची. पोटऱ्यांत धरायचं सहा-सात तारांचं वाद्य, पडदेही तातीचेच बांधलेले. पहिल्या भागात त्याला काम नाही. दुसऱ्या भागात बरंच थांबून अखेर बासच्या (खर्जातल्या पुरुष गायकाच्या) ‘ये, गोड क्रुसा’ या गाण्याला त्याची खरी पाळी येते, आणि ती थेट तुटक, झटके देत जाणाऱ्या जोडसुरांनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या अनेक सुरांनी. एकेका गजात चार-पाच तारा ओलांडायच्या. बसून बसून बोटं गारठलेली, तात उतरलेली, आणि खालची जाड तार मुळातच उशिरा बोलते. सुरुवातीचे एक-दोन जोडसूर खरवडल्यासारखे निघाले तर नाक मुरडू नये, क्रूस वाहण्याच्या गाण्याला ते शोभतातही. मध्यंतरात कॉफीच्या रांगेत सगळेच जातात. त्याऐवजी मंचाजवळ थांबलात तर हा गृहस्थ एकटाच खुंट्या पिळत बसलेला दिसेल.

शेवटी त्याला उभं करून टाळ्या मिळतातच असं नाही. गुड फ्रायडेला काही चर्चमध्ये टाळ्यांना बंदी असते आणि तशी सूचना पत्रिकेत छापलेली असते. ती सुरुवातीलाच शोधून ठेवावी.